विषय राहिला म्हणून वाट संपत नाही

दर वेळी आपण बचत, कर्जाचा हप्ता, शेळीपालन यावर बोलतो. आज मात्र दहावीवर बोलू. हा विषय शाळेतल्या लेकरांचा आहे तसाच तो आपला, आयांचाही आहे. गटातल्या कितीतरी जणींची स्वतःची शाळा नववी-दहावीतच सुटलेली आहे.

दहावीचा निकाल हल्ली मे महिन्यात लागतो. आपल्याकडे लग्नसराईही तेव्हाच असते. पोरगी पास झाली तर गल्लीत पेढे वाटले जातात. गणित किंवा इंग्रजी राहिलं तर घरात कुणी कुणाशी बोलत नाही. चार दिवसांनी एखादा पाहुणा येतो आणि चहा पिता पिता म्हणतो, "आता शिकून काय दिवे लावणार आहे? चांगलं स्थळ आहे, उरकून टाका." बापाच्या डोक्यावर आधीच कर्ज, आईला बोलायला तोंड नाही, आणि पोरीला वाटतं की चूक आपलीच आहे. पाहुण्यासमोर उत्तर द्यायला घरातल्या कुणाकडेच माहिती नसते.

ती माहिती द्यावी म्हणून आजचं हे बोलणं. आमचं सांगणं एवढंच आहे. एका विषयाने कुणाची शाळा सुटत नाही. शाळा सुटते ती फॉर्मची तारीख निघून गेल्यामुळे आणि कागद वेळेवर न मिळाल्यामुळे. दहावी पूर्ण करायच्या वाटा बऱ्याच आहेत, त्या सरकारमान्य आहेत आणि आपल्या आवाक्यातल्या आहेत. कोणती वाट कोणासाठी, एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी गुणपत्रिका नीट वाचू

आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेतं. मुख्य कार्यालय पुण्याला आहे, पण आपलं विभागीय मंडळ लातूरलाच आहे. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे त्याच्याकडे येतात. म्हणजे मोठी अडचण आली तर पुण्याला जायचं काम नाही.

प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण लागतात. लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत गुण २० असतात. दोन्ही मिळून ३५ झाले की विषय सुटला. तेव्हा पोरगी वर्षभर शाळेत गेली, वह्या पूर्ण केल्या, प्रात्यक्षिकं केली, तर त्या २० गुणांचा मोठा आधार होतो.

२०१६ पासून गुणपत्रिकेवर 'नापास' हा शब्द छापणं बंद झालं. त्या जागी पुन्हा परीक्षेला किंवा कौशल्य विकासाला पात्र असल्याचा शेरा येतो. काही घरांत हा शेरा वाचून पोरगी पास झाली असं समजतात, तर काही घरांत सगळं संपलं असं समजतात. दोन्ही बरोबर नाही. शेरा बाजूला ठेवा आणि कोणत्या विषयात ३५ पेक्षा कमी आहेत ते बोट ठेवून मोजा. एक, दोन की त्याहून जास्त? पुढची वाट त्या आकड्यावर ठरते.

ज्या विषयांत ती पास झाली ते वाया जात नाहीत. परत द्यायचा तो फक्त राहिलेला विषय. बाप म्हणतो, "सगळं वर्ष गेलं." त्याला सांगा की एक पेपर गेला आहे, वर्ष नाही.

पहिली वाट : पुरवणी परीक्षा

पूर्वी दहावीत विषय राहिला की ऑक्टोबरची वाट पाहावी लागायची, आणि तोवर अकरावीचं वर्ष निघून जायचं. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेचच्या पावसाळ्यात व्हायला लागली. बारावीलाही आता तशीच सोय आहे. निकाल जितका लवकर, तितकी पुरवणीही लवकर. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मध्ये सहा आठवडे होते. त्यातही फॉर्म भरायची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.

हा फॉर्म पोरगी ज्या शाळेतून परीक्षेला बसली त्याच शाळेतून भरला जातो. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. "सुट्ट्या आहेत, नंतर या" असं कुणी म्हणालं तर फॉर्मची शेवटची तारीख विचारा आणि ती कागदावर लिहून घ्या.

एखादीला वाटतं, पेपर चांगला गेला होता, गुण कमी कसे पडले? त्यासाठी गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते आणि छायाप्रत पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. हे जरूर करा. पण त्याच्या उत्तराची वाट पाहत पुरवणीचा फॉर्म सोडू नका. दोन्ही बरोबर चालू ठेवा.

दुसरी वाट : अकरावीत बसून विषय सोडवणे

एक किंवा दोन विषय राहिले असतील तर अकरावीत प्रवेश मिळू शकतो. याला एटीकेटी म्हणतात. पोरगी अकरावीच्या वर्गात बसते आणि राहिलेले विषय पुढच्या परीक्षांना देते. मात्र बारावीत जाण्याआधी ते सुटले पाहिजेत.

ही सोय कागदावर छोटी दिसते, पण आपल्या पोरींसाठी मोठी आहे. मैत्रिणी अकरावीला गेल्या आणि आपली एकटी घरात राहिली, की ती आधी भांड्याला लागते, मग खुरपणीला जाते, आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तीच पोरगी रोज सकाळी दप्तर घेऊन एसटीत बसत असेल तर "ती शिकते आहे" एवढं वाक्य पाहुण्याला परत पाठवायला पुरतं.

तिसरी वाट : १७ नंबरचा फॉर्म

आता ज्यांची शाळाच सुटली त्यांच्याबद्दल. कुणाची ऊसतोडीला गेल्यामुळे सुटली, कुणाची धाकट्या भावंडांना सांभाळताना, कुणाची लग्नामुळे. अशांना बाहेरून, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून, दहावी-बारावीला बसता येतं. त्या अर्जाला आपण सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतो.

अर्ज ऑनलाइन असतो आणि साधारण ऑगस्टच्या आसपास सुरू होतो. परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेहमीच्या मुलांबरोबर, त्याच प्रश्नपत्रिकेवर होते. अर्ज करताना संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय निवडायचं. कागद तिथे द्यायचे आणि प्रात्यक्षिक व प्रकल्पाचं कामही तिथूनच होतं. लागणारे मुख्य कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो. मूळ दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढावी लागते आणि प्रतिज्ञापत्र करावं लागतं. बाहेरून बारावीला बसायचं तर दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली हवीत.

इथे सर्वांत जास्त वेळ दाखल्याला लागतो. शाळा माहेरी, बाई सासरी. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून ऑगस्ट उजाडायची वाट पाहू नका. उन्हाळ्यात किंवा पंचमीला माहेरी गेलात की दाखला घेऊनच या. नावात फरक असेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागू शकते, त्याची चौकशी आधीच करा.

चौथी वाट : मुक्त विद्यालय

काही जणींना वर्षातून एकदाच सहा विषयांचं ओझं झेपत नाही. शेत आहे, म्हैस आहे, लेकरं आहेत. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाची वाट आहे.

यातली एक देशभर चालते. तिचं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. तिच्या दहावीला वय १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. आजी नातीबरोबर बसली तरी चालतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा हवी. पास व्हायला १०० पैकी ३३ टक्के लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय जमा होत जातो. एका वेळी दोन विषय दिले तरी चालतं. दहावीचा अभ्यास मराठीतही करता येतो. पूर्वी मान्य मंडळातून सुटलेले दोन विषयांपर्यंतचे गुण इथे वळते करून घेता येतात. बचत गटात रक्कम थोडी थोडी साठते, तसे इथे विषय साठतात.

या संस्थेच्या दहावीला गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. ज्यांचं गणितच पाय ओढतं त्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या मुलीला पुढे तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी किंवा गणित लागणारी परीक्षा द्यायची आहे, तिने गणित सोडू नये. दहावीला सोडलेला विषय पुढे दार अडवू शकतो. ज्या बाईला दहावीचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जासाठी हवं आहे तिची गरज वेगळी, पंधरा वर्षांच्या पोरीची गरज वेगळी. सल्ला देताना हा फरक विसरू नका.

दुसरी सोय आपल्या राज्याची आहे, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. इथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा देता येतात. पाचवीला वय १० पूर्ण, आठवीला १३ पूर्ण लागतं. ज्या बायांची शाळा तिसरी-चौथीतच सुटली त्यांनी एकदम दहावीकडे न बघता ही पहिली पायरी धरावी.

आठवीने काय होणार, असं कुणी विचारेल. २०१७ मध्ये सरपंच थेट निवडून द्यायचा कायदा झाला, तेव्हा १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आली. राखीव जागेवर बाईने उभं राहावं असं गाव म्हणतं, आणि कागद बघितला की दुसरीच कुणी उभी राहते. ते टाळायचं असेल तर ही परीक्षा कामाची आहे.

अंगणवाडीचंही तसंच झालं आहे. पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनीसाला सातवी चालायची. २०२३ पासून नव्या भरतीत दोन्ही पदांना बारावी पास लागते. गावातच नोकरी मिळावी अशी आशा धरून बसलेल्या कितीतरी जणी एका झटक्यात बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी दहावी आणि मग बारावी, हाच उपाय आहे.

हाताचं काम शिकत शिकत

ज्या मुलाला पुस्तकापेक्षा पाना-पक्कड जवळची वाटते, त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय आहे. काही अभ्यासक्रमांना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. आयटीआयचे विषय राज्य मंडळाकडे वळते करून, उरलेल्या भाषांची परीक्षा देऊन दहावी किंवा बारावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे. प्रवेश घेतानाच संस्थेत विचारा की या कामासाठी पुढे कोणते विषय द्यावे लागतील. मुलींनाही हे सांगा. वायरमनचं काम फक्त पोरांचंच, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

काही लेकरांना वेगळी सवलत लागते

एखादं लेकरू तोंडाने सगळं सांगतं, पण लिहायला बसलं की अक्षरं उलटी-सुलटी करतं. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात तीही येते. अशा मुलांना, आणि दृष्टी, श्रवण किंवा हातापायाची अडचण असलेल्यांना, परीक्षेत ताशी २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि काही विषयांत सवलत मिळते. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि शाळेमार्फत मंडळाकडे आधी अर्ज जावा लागतो. हे काम नववीतच सुरू करा. परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही.

"असलं प्रमाणपत्र कमी दर्जाचं असतं का?"

गटात हा प्रश्न हमखास येतो. पुरवणीतून पास झालेली आणि १७ नंबरने बसलेली मुलगी एकाच राज्य मंडळाचं प्रमाणपत्र घेते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं प्रमाणपत्रही मान्य आहे. पुढे पदवी करायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, तिथे घर-शेत सांभाळून शिकता येतं.

परीक्षा ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे. गरज पडली की ती बदलते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात शाळा सोडून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी १९४२ मध्ये वेगळी परीक्षा तयार केली, ती आजही चालू आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० धरून निकाल लावला. ९९.९५ टक्के मुलं पास झाली, आणि त्या मुलांना कुणी कमी दर्जाचं म्हटलं नाही. मग जी बाई दिवसभर सोयाबीन काढून रात्री दिव्याखाली बसून अभ्यास करते, तिच्या प्रमाणपत्राला कोण नाव ठेवणार?

लातूर शहर आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. 'लातूर पॅटर्न' शिकायला लांबलांबून मुलं तिथे येतात. त्याच जिल्ह्यात आपली पोरगी एका विषयासाठी घरी बसावी, हे आपल्याला शोभत नाही.

फसवणुकीपासून सावध

"परीक्षा न देता दहावी, महिन्यात प्रमाणपत्र" असं सांगणारे एजंट फिरतात. एका गटातल्या ताईने अशा माणसाला पैसे दिले. हातात रंगीत कागद आला, पण भरतीच्या वेळी तो मंडळच मान्य नाही असं कळलं. पैसेही गेले आणि वर्षही गेलं. म्हणून कोणाच्याही हातात पैसे देण्याआधी मंडळाचं पूर्ण नाव विचारा आणि ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा लातूरच्या विभागीय मंडळात जाऊन तपासा. शुल्क ऑनलाइन किंवा शाळेत भरा आणि पावती घ्या. पावती मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

गटाने काय करायचं

एकटी बाई शाळेच्या कार्यालयात गेली तर तिला बाकावर बसवतात. पाच जणी गेल्या तर खुर्ची मिळते. हे आपण बँकेत शिकलो आहोत, तेच इथे करायचं.

प्रत्येक गटाने एप्रिलच्या बैठकीत यादी करावी. आपल्या सदस्यांच्या घरातून दहावी-बारावीला कोण बसलं आहे? गटातल्या कोणाची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? ही यादी हजेरी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

निकाल लागला की तीन दिवसांत दोन सदस्यांनी त्या घरी जावं. उपदेश करायला नाही, गुणपत्रिका वाचायला आणि फॉर्मची तारीख सांगायला. परीक्षा शुल्कासाठी पैसे नसतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्या. शेळीसाठी आपण कर्ज देतो, बी-बियाण्यासाठी देतो. परीक्षेचा फॉर्म त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात भरतो.

त्या घरी लग्नाची बोलणी सुरू असतील आणि मुलगी १८ वर्षांची नसेल, तर ते लग्न कायद्याने गुन्हा आहे हे शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवकांना कळवा. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची मदत मिळते, फोनला पैसे लागत नाहीत.

ऑगस्टच्या बैठकीत १७ नंबरच्या फॉर्मचा विषय घ्या. ज्यांना बसायचं आहे त्यांनी दाखला, आधार आणि फोटो एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बैठकीला आणावेत. एकीने अभ्यास सुरू केला तर टिकत नाही, म्हणून निदान तिघींनी एकत्र फॉर्म भरा. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बसा. गावातली कॉलेजला जाणारी पोरगी गणित शिकवेल, तिलाही मान मिळेल.

आणि घरातल्या माणसांना एक सांगा. गटाच्या वहीत एखादीचा हप्ता चुकला तर आपण तिला गटातून काढत नाही. पुढच्या महिन्यात भर, असं म्हणतो आणि तिच्या पाठीशी उभ्या राहतो. राहिलेला विषय हाही असाच एक चुकलेला हप्ता आहे. पुढच्या तारखेला तो भरायचा आणि खातं चालू ठेवायचं.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गटातून किती जणींनी फॉर्म भरायचं ठरवलं, ते आम्हाला कळवा. त्यांच्या अडचणींवर आपण पुढच्या भागात बोलू.